स्वतःची निशाणी : मुलांकडून प्रतीकांचं आत्मचित्र कसं करून घ्यावं

‘माझी ओळख’ या विषयावर सातवीच्या मुलांनी लिहिलेले चाळीस निबंध मी एकदा सलग तपासले. नाव, गाव, वडील शेती करतात, आवडता खेळ कबड्डी, मोठेपणी पोलीस व्हायचं. वरची नावं झाकली असती तर कोणता निबंध कोणाचा हे मला सांगता आलं नसतं. हीच मुलं मधल्या सुट्टीत बोरीखाली बसून एकमेकांना जे सांगतात, त्यातलं एकाचं दुसऱ्यासारखं नसतं.

माझी शाळा यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात आहे. वर्गात वऱ्हाडी बोलणारी मुलं आहेत, बंजारा तांड्यावरून येणारी गोरमाटी बोलणारी आहेत, पोडावरची (कोलामांच्या वस्तीवरची) कोलामी बोलणारी आहेत. मूल ‘मी’ने वाक्य सुरू करतं आणि आपण तिथेच दुरुस्ती करतो, हे मला फार उशिरा कळलं. मुलगी म्हणते, “मी पान्याले जातो.” आपण म्हणतो, “जातो नाही, जाते म्हण.” तिची आई, आजी, आत्या सगळ्या ‘मी जातो, मी करतो’ असंच बोलतात. विदर्भातल्या बायकांची ती रीतच आहे. पण शाळेत चार वेळा टोकलं गेलं की मूल स्वतःबद्दल बोलायचं सोडतं आणि पुस्तकातलं वाक्य उचलून देतं. चाळीस निबंध एकसारखे होतात ते असे.

म्हणून मी क्रम उलटा केला. आधी चित्र, मग त्या चित्राबद्दल घरच्या बोलीत बोलणं, आणि प्रमाण मराठीतलं लेखन सगळ्यात शेवटी. हा उपक्रम प्रतीकांच्या आत्मचित्राचा आहे. यात मूल आपला चेहरा हुबेहूब काढत नाही. एखादी वस्तू, झाड, जनावर, जागा किंवा रंग घेऊन त्यातून स्वतःबद्दल काही सांगतं. पाचवी ते आठवीसाठी ही पद्धत चालते. पस्तीस-चाळीस मिनिटांच्या सहा तासिका लागतात. त्यातल्या दोन जोडून, शनिवारच्या सकाळच्या शाळेत घ्याव्यात.

वेळ कोणती निवडता याला आपल्याकडे महत्त्व आहे. कापूस वेचणीच्या दिवसांत वर्ग अर्धा रिकामा असतो आणि काही घरं कामाला बाहेर गेलेली असतात. मी पोळ्यानंतरचे दिवस किंवा जानेवारी-फेब्रुवारी निवडते. पोळ्यानंतर मुलांच्या मनात बैल, मुलांच्या तान्ह्या पोळ्याचे लाकडी नंदी, झडत्या (पोळ्याला म्हणायची कवनं) सगळं ताजं असतं. फेब्रुवारीच्या शेवटी पळस फुलतो, तो रंगाला कामी येतो.

सामान

कार्ट्रिज पेपर मिळाला तर उत्तम. नाही मिळाला तर जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजू, कॅलेंडरच्या पाठी, पुठ्ठ्याची खोकी. तेलखडू, लाल-पिवळा-निळा-पांढरा एवढेच पोस्टर कलर, मैद्याची खळ, सुतळी, जुनी वर्तमानपत्रं. पाण्यासाठी करवंट्या.

चित्रासाठी कोळशाच्या काड्या विकत घ्यायची गरज नाही, पऱ्हाटीपासून (कपाशीच्या वाळक्या झाडांपासून) घरीच करता येतात. पेन्सिलीएवढ्या जाडीच्या सरळ काड्या सोलून पत्र्याच्या डब्यात गच्च उभ्या भरायच्या. झाकणाला खिळ्याने एक भोक पाडायचं आणि डबा चुलीच्या निखाऱ्यात ठेवायचा. भोकातून आधी वाफ येते, मग धूर येतो. धूर थांबला की डबा बाहेर काढायचा आणि पूर्ण गार होईपर्यंत झाकणाला हात लावायचा नाही. गरम असताना उघडलं तर हवा लागून काड्या पेटतात आणि हाती राख येते. हे काम शिक्षकाने घरी करावं, मुलांकडून करून घेऊ नये.

एक गोष्ट कळकळीने सांगते. शेतातून आणलेले औषधाचे डबे, बाटल्या, रंगीत लेप दिलेल्या बियाण्याच्या पिशव्या वर्गात कशासाठीही वापरू नका, कितीही धुतल्या तरी. २०१७ मध्ये आमच्या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने माणसं दगावली आहेत. मुलं चांगल्या मनाने असे डबे रंगाच्या पाण्यासाठी घेऊन येतात. ते परत पाठवा आणि का परत पाठवले तेही सांगा.

पहिली तासिका : निशाणी म्हणजे काय

‘प्रतीक’ हा शब्द फळ्यावर लिहून व्याख्या देऊ नका. आपल्या मुलांना ‘निशाणी’ हा शब्द येतो. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत कपबशी, छत्री, शिलाई मशीन या निशाण्या त्यांनी भिंतींवर पाहिलेल्या असतात.

मी फळ्यावर न बोलता एक खराटा आणि एक फुटकं गाडगं काढते. वर्ग ओरडतो, “गाडगेबाबा!” मग खंजिरी काढते. “तुकडोजी महाराज!” मग गोल चष्मा आणि चरखा. सेवाग्राम शेजारच्या वर्ध्यात आहे, त्यामुळे गांधीजी ओळखायला कोणाला वेळ लागत नाही. मग विचारते, “मी कोणाचा चेहरा काढला का? नाही ना? मग ओळखलं कसं?”

यापुढचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, तिथे घाई करू नका. “खराटा तर तुमच्या सगळ्यांच्या घरी आहे. मग तो गाडगेबाबांचाच कसा झाला?” थोडा वेळ जातो. मग कोणीतरी म्हणतं, “ते रोज झाडत जायचे म्हणून.” हे उत्तर मुलांकडूनच यायला हवं, कारण पुढचं सगळं काम त्यावर उभं आहे. १८७६ मध्ये अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावात जन्मलेला हा माणूस गावोगाव जाऊन आधी गाव झाडायचा आणि मग कीर्तनाला उभा राहायचा. रोजच्या कामामुळे खराटा त्याचा झाला. तशी तुझी वस्तू कोणती, हा आपला विषय.

इथेच निवडणुकीच्या निशाणीतला फरकही सांगावा. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत बहुसंख्य मतदारांना वाचता येत नव्हतं, म्हणून उमेदवारांना निशाण्या दिल्या गेल्या आणि मतपेट्यांवरही त्या लावल्या गेल्या. त्या निशाण्या वाटून दिलेल्या असतात. आपली आपण शोधायची.

तासिका संपताना घरचा अभ्यास द्या. आजीच्या किंवा गावातल्या एखाद्या म्हाताऱ्या बाईच्या हातावरचं गोंदण नीट पाहायचं, वहीत उतरवायचं आणि विचारायचं : हे काय आहे, कधी गोंदलं, कोणी सांगितलं. दुसऱ्या दिवशी वर्गात विंचू येतात, तुळशी येतात, नुसते ठिपके येतात. एका मुलाच्या आजीने सांगितलं होतं, “मेल्यावर हेच संग येते, सोनं-नाणं येत नाई.”

दुसरी तासिका : सगळ्यांच्या निशाण्या आधी संपवा, मग चित्रं पाहा

पहिल्या वर्षी मी मुलांना सांगितलं, “मनातलं काढा.” जवळजवळ प्रत्येक कागदावर दोन डोंगर, मधून उगवता सूर्य, एक घर आणि नारळाचं झाड आलं. आमच्या गावात नारळाचं एकही झाड नाही. दोष मुलांचा नव्हता. मन कुठे शोधायचं हे मी त्यांना सांगितलंच नव्हतं.

आता मी आधी फळा भरून घेते. “प्रेमाची निशाणी?” बदाम. “शांतीची?” कबूतर. “हुशारीची?” पुस्तक. “धैर्याची?” वाघ. फळा भरला की सांगते, “ह्या सगळ्यांच्या आहेत. वाईट नाहीत, पण त्या फळ्यावरच राहू द्या. कागदावर यायचं असेल तर तुमच्या घरातून, वाटेवरून, शेतातून यायला हवं.” मनाई म्हणून सांगू नका. ज्याला वाघच काढायचा आहे त्याने काढावा, पण कोणता वाघ ते त्याने सांगितलं पाहिजे. टिपेश्वरच्या जंगलालगतच्या पोरासाठी वाघ फळ्यावरचा नसतोही.

मग दोन चित्रं दाखवा. प्रिंट काढून आणता आली तर बरं, नाहीतर मोबाईल गटागटांत फिरवावा. व्हिन्सेंट व्हॅन गॉग या डच चित्रकाराने १८८८ मध्ये काढलेलं खुर्चीचं चित्र घ्या. गवती विणीची साधी खुर्ची, तिच्यावर पाइप आणि तंबाखूची पुडी. माणूस कुठेच नाही. त्याच वर्षी त्याने गोगॅं या मित्राचीही खुर्ची काढली. ती हातांची आहे, तिच्यावर मेणबत्ती आणि पुस्तकं आहेत. दोन्ही शेजारी ठेवून विचारा : “या दोघांपैकी कोण कसा असेल?” माझ्या वर्गातली मुलं पहिल्या खुर्चीबद्दल म्हणाली, “हा गरीब हाये अन् आता उठून बाहेर गेला हाये.” चेहरा नसतानाही माणूस असतो, हे यापेक्षा सोपं करून सांगता येत नाही.

दुसरं चित्र फ्रिडा काहलो या मेक्सिकन चित्रकर्तीचं, १९४० मधलं. चेहरा आहे, पण गळ्यात काट्यांची माळ आहे, तिला एक काळा पक्षी लटकलेला आहे, खांद्यामागे माकड आणि काळं मांजर आहे. फ्रिडाचा जन्म १९०७ चा. १९२५ मध्ये बसच्या अपघातात ती जबर जखमी झाली. अंथरुणाला खिळलेली असताना वर आरसा बसवून ती स्वतःची चित्रं काढू लागली. ही माहिती चित्र पाहून झाल्यावरच द्या. आधी दोन मिनिटं नुसतं पाहायचं. मग ‘काय दिसतं?’ विचारायचं, ‘अर्थ काय?’ नंतर. अर्थ आधी विचारला की मुलं गुरुजींच्या मनातलं उत्तर शोधायला लागतात. तिच्या काही चित्रांत रक्त आणि जखमा उघड आहेत. ती या वयाला नकोत, म्हणून दाखवायचं चित्र स्वतः आधी पाहून निवडा.

तिसरी तासिका : वस्तू शोधणं

सगळ्यांत जास्त जीव इथे ओता. ‘तुझा स्वभाव कसा आहे?’, ‘तुला काय वाटतं?’ असे प्रश्न उपयोगाचे नाहीत. मोठ्यांनाही त्यांची उत्तरं देता येत नाहीत. वस्तूकडे नेणारे प्रश्न हवेत. मी कागदावर हे लिहून देते :

घरातली कोणती वस्तू तू अंधारात हात लावून ओळखशील?
सकाळी कोणत्या आवाजाने जाग येते?
अंगावर कुठे खूण आहे? कशाने झाली?
कोणी मागितली तरी देणार नाहीस अशी वस्तू कोणती?
शाळेच्या वाटेवर तू कुठे थांबतोस किंवा थांबतेस?
भीती वाटली की काय धरून बसतोस?
तुला एकट्यालाच येणारं, घरात दुसऱ्या कोणाला न येणारं काम कोणतं?

उत्तरं एकेका शब्दात आली तरी चालतील. मग वर्गात फिरत एकेका मुलाशी बोला. तीनच प्रश्न पुरतात : कोणता? कधीचा? तू त्याचं काय करतोस? एका मुलाशी झालेलं बोलणं जसंच्या तसं देते.

“काय लिहिलं?”
“बैल.”
“कोणता?”
“आमचा. पांढऱ्या.”
“आता कुठे आहे?”
“इकला. पोया झाला अन् इकला.”
“मग त्याचं घरी काय राहिलं?”
“घागरमाय. खुटीले टांगली हाये.”
“तू तिचं काय करतोस?”
तो खाली पाहून म्हणाला, “घरी कोनी नसलं का वाजवतो.”

‘बैल’ लिहिणारी मुलं वर्गात सात होती. खुंटीला टांगलेली घागरमाळ, म्हणजे बैलाच्या गळ्यातली घुंगरांची माळ, एकाचीच होती. मी त्याला ‘हेच काढ’ म्हटलं नाही. फक्त म्हणाले, “खुंटी कशी आहे ते आज घरी जाऊन पाहून ये.” त्याने काय ओळखायचं ते ओळखलं.

चाळीस मुलांशी एका तासिकेत असं बोलणं होत नाही. दहा-बारांशी होतं. उरलेल्यांना जोड्या करून हेच तीन प्रश्न एकमेकांना विचारायला लावा. मुलं मुलांना आपल्यापेक्षा नेमकं विचारतात. “मले काहीच नाई” असं म्हणणारी दोन-चार मुलं असतातच. त्यांना घरी गेल्यावर पायाखाली पहिलं काय लागतं, एवढंच पाहून यायला सांगा. एकीने ‘पायरीचा दगड’ आणला. तो मूळचा पाट्याचा दगड होता आणि तुटल्यावर पायरीला लावलेला होता.

चौथी तासिका : कागदाची चार घरं

एकदम मोठ्या कागदावर जाऊ देऊ नका. वहीचं पान दोनदा दुमडून चार घरं करायची आणि एकच वस्तू घेऊन चार तऱ्हांची छोटी चित्रं काढायची. पहिल्या घरात चेहरा आणि त्याच्यासोबत वस्तू. दुसऱ्यात स्वतःच्या सावलीचा आकार आणि सगळं त्याच्या आत. तिसऱ्यात चेहरा नाहीच, नुसती जागा आणि वस्तू, त्या खुर्चीसारखी. चौथ्यात अंगाचाच काही भाग वस्तू झालेला : केसांच्या जागी पऱ्हाटी, तळहातावर शेताचे तास (नांगराच्या रेघा). चारांपैकी कोणतं मोठं करायचं ते मूलच ठरवतं.

सावलीची तऱ्हा मुलांना फार आवडते आणि ज्यांना ‘मला चित्र येत नाही’ असं वाटतं त्यांचा धीर बांधते. शनिवारी सकाळी ऊन तिरपं असताना शाळेच्या उन्हाकडच्या भिंतीवर कागद चिकटवा. मुलाने कागदाला अगदी लागून, बाजूने चेहरा दिसेल असं उभं राहायचं आणि सोबत्याने सावलीची कड गिरवायची. भिंतीपासून दूर उभं राहिलं तर कड पुसट होते. ढग असले तर खोली अंधारी करून टॉर्च वापरा.

चेहरा काढणाऱ्यांना एवढंच सांगा की डोळे डोक्याच्या निम्म्यावर येतात, कपाळाच्या वर नाहीत. बाकी प्रमाणाचे धडे एलिमेंटरी, इंटरमिजिएटच्या परीक्षांसाठी राहू द्या.

पाचवी तासिका : मोठं चित्र आणि रंग

खडूच्या पेटीत ‘स्किन’ नावाची एक फिकट गुलाबी कांडी असते. आमच्या वर्गात एकाही मुलाचा रंग तसा नाही, तरी चेहरा काढला की सगळे तीच कांडी मागतात. म्हणून रंगाच्या तासिकेची पहिली पंधरा मिनिटं मी यासाठीच ठेवते. लाल आणि पिवळा मिसळून नारिंगी करायचा, त्यात निळ्याचा अगदी थेंब घालायचा की तपकिरी होतो. मग पिवळा, पांढरा किंवा आणखी निळा घालत जायचं आणि हाताच्या पाठीवर टिपका लावून पाहायचं. टिपका दिसेनासा झाला की जमला. मग आपल्या रंगाला नाव द्यायचं. गूळ, तुरीची डाळ, ओली रेगड, चहा, पिकलेलं टेंभरून (तेंदूचं फळ) अशी नावं येतात. नियम एकच : दुसऱ्याच्या रंगाला कोणी नाव ठेवायचं नाही, प्रत्येकाने आपलंच ठेवायचं. हा नियम आधी सांगा, नंतर सांगून उपयोग होत नाही. काळ्या रंगावरून पोरींना घरी-दारी काय ऐकावं लागतं ते आपण जाणतो.

‘लाल म्हणजे राग, पांढरा म्हणजे शांती’ असली यादी देऊ नका. पांढरा रंग एकाला वेचलेल्या कापसाच्या ढिगाचा वाटतो आणि दुसरीला दवाखान्याच्या भिंतीचा. रंग का घेतला हे मुलाला सांगता आलं की पुरे.

गावातले रंगही वापरा. पळसाची फुलं पाण्यात उकळली की केशरी-पिवळं पाणी मिळतं. हळदीत चुना कालवला की लाल होते. काजळी, गेरू, चाळलेली काळी माती डिंकाच्या पाण्यात कालवून लावता येते. हळदीचा रंग उन्हात उडतो, म्हणून ती चित्रं व्हरांड्यात उन्हाकडे टांगू नयेत.

झाकणी

ही युक्ती मी एका चुकीतून शिकले. सुरुवातीच्या वर्षी एका मुलीने चित्राखाली लिहिलेलं मला इतकं आवडलं की मी ते वर्गात मोठ्याने वाचलं. तिला विचारलं नाही. ती पुढचे दोन दिवस शाळेत आली नाही. तिसऱ्या दिवशी आली तेव्हा तिने त्या ओळी खोडून टाकलेल्या होत्या.

तेव्हापासून प्रत्येकाला चित्रासोबत कागदाचा एक तुकडा मिळतो. चित्राचा जो भाग कोणाला दाखवायचा नसेल त्यावर तो एका कडेने चिकटवायचा, दारासारखा. ती झाकणी ज्याची त्यानेच उघडायची. मित्राने नाही, पालकांनी नाही, बाईंनीही नाही. झाकणी लावायचीच असा आग्रह नाही. पण ती हाताशी आहे म्हटल्यावर मुलं खरं काढायला धजतात, हे मी दरवर्षी पाहते आहे.

जड काही आलं तर

येतं. आपल्या भागात येतंच. दोर येतो, औषधाचा डबा येतो, दारूची बाटली येते, दोन ताटांपैकी एक पालथं येतं. ज्या घरात शेतकरी बापाने जीव दिला, त्या घरातलं मूल तुमच्या वर्गात असू शकतं. त्याला ‘बाबांबद्दल काढ’ असं कधीही सुचवू नका. त्याने आपण होऊन काढलं तर वर्गात सगळ्यांसमोर प्रश्न विचारू नका. शाळा सुटल्यावर, दार उघडं ठेवून, शेजारी बसून एवढंच म्हणा, “तुझं चित्र पाहिलं. बोलायचं असलं तर मी आहे.” तो नाही बोलला तर नाही. त्याला रडू आलं तर ‘रडू नको’ म्हणू नका.

चित्रावरून निदान करू नका. काळा रंग भरपूर वापरला म्हणजे मूल दुःखी आहे असं नसतं. बहुतेकदा डबीत तोच रंग उरलेला असतो. पण चित्रासोबत मूल गप्प झालं असेल, डबा खात नसेल, अंगावर वळ दिसत असतील तर दुर्लक्ष करू नका. ‘कोणाला सांगणार नाही’ असं वचन देऊ नका, कारण ते तुम्हाला पाळता येणार नाही. लैंगिक अत्याचाराची शंका आली तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याने पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणं बंधनकारक आहे. ते मुख्याध्यापकांच्या मर्जीवर सोडायचं काम नाही. मुलांसाठी १०९८ हा मदतीचा क्रमांक आहे. तो वर्गाच्या भिंतीवर कायम लिहिलेला असू द्या, म्हणजे तो अशा दिवशी शोधावा लागत नाही.

आणि बाहेरून कोणी पाहुणे आले, फोटो काढू म्हणाले, तर अशा मुलाचं चित्र त्यांच्यासमोर ठेवू नका. हे मी कितीही वेळा सांगायला तयार आहे. मुलाचं दुःख शाळेच्या कौतुकासाठी नसतं.

धर्म आणि जात दाखवणाऱ्या निशाण्याही येतात. निळा झेंडा, बाबासाहेबांचा कोट, घरचं देवघर, बंजारा समाजाचे संत सेवालाल महाराज यांचा पांढरा झेंडा. त्या सगळ्यांना जागा आहे. ‘हे शाळेत नको’ म्हणू नका. प्रश्न तोच विचारा जो घागरमाळेला विचारला होता : तू त्याचं काय करतोस? एक मुलगा म्हणाला, “चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत झेंड्याची काठी मीच धरतो, मांगचे दोन साल झाले.” मग त्याच्या चित्रात नुसता झेंडा उरला नाही, काठी धरलेली मूठही आली.

सहावी तासिका : आता शब्द

चित्र पूर्ण झाल्यावर मुलाने सोबत्याला चित्र सांगायचं, सोबत्याने ऐकू येईल तसं लिहायचं आणि मग मुलाने ते वाचून स्वतःच्या हाताने उतरवायचं. चार-पाच ओळी पुरे. लाल पेन त्या दिवशी घरी ठेवा. गोरमाटी किंवा कोलामी बोलणाऱ्या मुलाला त्याच्या बोलीतला शब्द देवनागरीत लिहायला सांगा, आपल्याला येत नसेल तर त्याच्याकडून शिका.

पाचवीच्या एका मुलीने डोक्यावर मुकुटासारखी चुंबळ काढली होती. खाली लिहिलं होतं : “हे चुंबय माह्या मायच्या जुन्या लुगड्याची हाये. मी सकायी हापशीवर जातो. माह्या डोक्शावर गुंड रायते पन मी हात सोडून चालतो. पानी सांडत नाई. आमच्या गल्लीत अशी मीच चालतो.”

(गुंड म्हणजे पाण्याचं भांडं.) मी यात एक अक्षर बदललं नाही. ‘मी चालतो’ तसंच राहिलं. आठवड्यानंतर, वेगळ्या कागदावर, तिने हेच प्रमाण मराठीत लिहिलं. तेव्हा तिला कुठे काय बदलतं हे दाखवलं, ‘बोलीतलं आणि पुस्तकातलं’ असे दोन रकाने करून. ‘चुकीचं आणि बरोबर’ असे नाही. दोन्ही कागद चित्राच्या दोन बाजूंना चिकटवले. व्याकरण तिला त्या दिवशी जेवढं समजलं तेवढं तिच्याच निबंधावर वर्षभर लाल पेन चालवूनही समजलं नव्हतं, कारण यावेळी वाक्यं तिची होती.

भिंतीवर

व्हरांड्यात सुतळी बांधून चिमट्याने चित्रं टांगा. नावं मागच्या बाजूला. पालकसभेच्या दिवशी पालकांना सांगा : आपल्या लेकराचं कोणतं, ते ओळखा. क्रमांक नको, बक्षीस नको, स्पर्धेला पाठवणं तर मुळीच नको. बक्षीस लागलं की पुढच्या वर्षी सगळे त्याच चित्राची नक्कल करतात. घागरमाळेच्या चित्रासमोर त्या मुलाचे वडील बराच वेळ उभे होते. काही बोलले नाहीत. चित्र मात्र घडी पडू नये म्हणून सुरळी करून, दोन्ही हातांत धरून घरी घेऊन गेले. ज्यांना चित्र लावायचं नाही त्यांची चित्रं बाईंच्या कपाटात राहतील, हेही आधीच सांगून ठेवा.

मूल्यमापनाचं विचाराल तर आकारिक मूल्यमापनाच्या वर्णनात्मक नोंदीत हे चांगलं बसतं. ‘चित्र सुबक आहे’ अशी नोंद करू नका, तिच्यातून काहीच कळत नाही. मी तीन गोष्टी पाहते. वस्तू मुलाने स्वतः शोधली का? ती नेमकी आहे का, म्हणजे ‘झाड’ की ‘विहिरीजवळचा वाकलेला कडुनिंब’? आणि का निवडली हे त्याला सांगता येतं का? नोंद अशी होते : ‘घरातली वस्तू स्वतः निवडली, चार मांडण्या करून पाहिल्या, चेहऱ्याशिवायची मांडणी का घेतली हे सोबत्याला समजावून सांगितलं.’ झाकणीखाली काय आहे, याची नोंद कुठेही करायची नाही.

चित्रं घरी द्यायच्या आधी मागे तारीख आणि इयत्ता घाला. शाळेत ठेवायची असतील तर वर्तमानपत्राच्या थरांत सपाट ठेवा, मधेमधे कडुनिंबाचा वाळलेला पाला पसरा आणि गठ्ठा जमिनीवर ठेवू नका, उधई (वाळवी) लागते. तेलखडूची चित्रं एकमेकांना चिकटतात, त्यांच्यामध्ये कोरा कागद हवा. पुढच्या वर्षी, जूनअखेर शाळा उघडली की, पहिल्याच आठवड्यात गठ्ठा सोडा आणि प्रत्येकाचं चित्र त्याच्या हाती द्या. “अजून हीच का?” एवढं विचारा आणि नवा कागद पुढे ठेवा. काही मुलं वस्तू बदलतात, काही तीच काढतात पण दुसऱ्या जागी. चुंबळवाली मुलगी आता सातवीत आहे. यंदा तिच्या चित्रात चुंबळ खुंटीला आहे आणि दारात सायकल उभी आहे.